हुकलेल्या चेंडूंची बोली

बेसबॉलमध्ये 'स्ट्राइक' म्हणजे न लागलेला चेंडू. फलंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, की पंच ओरडतो, 'स्ट्राइक!' बॅट न फिरवता चांगला चेंडू नुसता बघत उभा राहिला, तरीही स्ट्राइकच. आणि 'बॉल' म्हणजे वाईट चेंडू, फलंदाजाच्या आवाक्याबाहेर टाकलेला. हा उफराटा कारभार पाहून क्रिकेटवर वाढलेला मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत चॅनेल बदलतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

या उफराटेपणामागे एक जुनं भांडण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनकडे हा खेळ रुळत होता, तेव्हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फलंदाजाचा वैरी नव्हताच. फलंदाजाला मारता येईल असा चेंडू खालून, हात सरळ ठेवून टाकायचा, एवढंच त्याचं काम. पुढे तर 'उंच हवा' किंवा 'खाली हवा' अशी फर्माईश करायची मुभा फलंदाजाला नियमानेच मिळाली. ही चैन १८८७ मध्ये बंद झाली. पण माणसाची जात ती! अगदी सुरुवातीच्या दिवसांतच दोन्ही बाजूंनी रडीचा डाव सुरू झाला. मनासारखा चेंडू येईपर्यंत फलंदाज बॅट खांद्यावर टाकून उभे राहत, पिचर मुद्दाम भलतीकडे टाकत राहत आणि खेळ पुढे सरकायचं नाव घेत नसे. म्हणून १८५८ मध्ये पंचाला अधिकार मिळाला: चांगला चेंडू सोडलास, तर तू तो मारायला जाऊन हुकवलास असं मी धरीन. मुळात फिरवून हुकलेल्या बॅटला असलेला शब्द असा न फिरवलेल्या बॅटलाही लागू झाला. काही वर्षांनी पिचरलाही लगाम बसला. पंच आधी त्याला 'बॉल टू द बॅट' अशी ताकीद देई, बॅटपाशी टाक बाबा. त्या ताकिदीतला पहिला शब्द तेवढा उरला. किती वाईट चेंडूंनंतर फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं, याची संख्या १८७९ मध्ये नऊ होती. कमी होत होत १८८९ मध्ये ती चारवर आली आणि तिथेच राहिली.

पुढच्या पानांत अशा शब्दांचा संग्रह आहे. नियम शिकवण्याचा त्याचा आव नाही आणि तो संपूर्ण तर मुळीच नाही. पॉल डिक्सन यांचा इंग्रजी बेसबॉल कोश १९८९ मध्ये आला, आणि २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजारांहून अधिक शब्द होते. त्याच्या शेजारी हे चिमूटभरच आहे. मी निवडलेत ते शब्द मुख्यतः बोलीतले: मैदानावरचे, डगआउटमधले (म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरचे), रेडिओवरचे, वार्ताहरांच्या खोलीतले.

मराठी वाचकाला याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण हिंजवडीतल्या कुठल्याही कचेरीत सकाळी अकराच्या मीटिंगला बसून पाहा. कुणी 'बॉलपार्क फिगर' मागतो, कुणी गुरुवारी 'टच बेस' करू म्हणतो, क्लायंटने 'कर्व्हबॉल' टाकला अशी तक्रार होते, आणि एखादी मागणी 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' आलेली असते. त्या टेबलाभोवतीच्या दहा जणांपैकी एकानेही लेफ्ट फील्ड पाहिलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत, ते खेळलेली मुलं-मुली आहेत, पण त्यांच्याकडून हे शब्द आपल्याकडे आलेले नाहीत. ते आले अमेरिकी कामाच्या फायलींतून. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत मात्र गाडी उलट्या दिशेने चालते. मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो, जेवताना 'फंगो' आणि 'पिकल' असे शब्द टाकतो, आणि आजीने कौतुकाने विचारलं तर त्याला समजावता येत नाही. असे आजी-आजोबाही माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानाच्या एका कोपऱ्यात काटकोनी चौकट, तिच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, एकापासून पुढचा ९० फुटांवर. पिचर ६० फूट ६ इंचांवरून टप्पा न पाडता चेंडू टाकतो. फलंदाजाने तो मारायचा आणि तिन्ही बेसना शिवत पुन्हा मूळ जागी, म्हणजे होम प्लेटवर यायचं, की एक धाव. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. असे दोघांचे नऊ-नऊ डाव. बाकीचं हळूहळू कळतं.

या खेळाची लिखापढी बरीचशी क्रिकेटच्या वहीतून आली आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधल्या एक्झिटरला जन्मलेला, लहानपणी ब्रुकलिनला आलेला पत्रकार न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे सामने लिहीत असे. १८५६ च्या सुमारास तो बेसबॉलच्या नादी लागला आणि क्रिकेटच्या धावफलकासारखं एक कोष्टक त्याने या खेळासाठी तयार केलं. फलंदाजीच्या सरासरीची कल्पनाही त्याने तिथूनच आणली. तीन स्ट्राइकने बाद झालेल्या गड्यासमोर आजही 'के' हे अक्षर मांडतात, ते चॅडविकचंच. 'एस' हे अक्षर आधीच 'सॅक्रिफाइस'साठी गुंतलेलं, म्हणून त्याने 'स्ट्रक' या शब्दातलं शेवटचं अक्षर उचललं. बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला असेल, तर तोच 'के' उलटा काढतात. वहीवर उलटा 'के' दिसला की त्या फलंदाजाची फजिती कुठल्या जातीची होती हे वर्षानुवर्षांनी वाचणाऱ्यालाही कळतं. क्रिकेटच्या धावफलकात 'त्रिफळाचीत' असं लिहिलेलं असतं, पण चेंडू सोडायला गेला होता की मारायला, हे तिथे समजत नाही. इथे चॅडविकच्या शिष्यांनी गुरूच्या मूळ खेळावर मात केली असं माझं मत आहे.

आता या संग्रहाच्या गाभ्याकडे येतो. बेसबॉलची बोली चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवते. चांगल्या फटक्याला शब्द आहेत, नाही असं नाही: 'डिंगर', 'बॉम्ब', 'टेटर', 'मून शॉट'. पण खरी श्रीमंती आहे ती हुकलेल्या, अर्धवट लागलेल्या, नशिबाने पडलेल्या आणि लाजिरवाण्या गोष्टींना दिलेल्या नावांत. याचं कारण खेळाच्या गणितातच आहे. दहांपैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज इथे उत्तम समजतात. त्याची सरासरी दशांश तीन, बोलताना 'तीनशे'. दोन मुख्य लीगमध्ये चारशेच्या वर संपूर्ण मोसम काढणारा शेवटचा माणूस बॉस्टनचा टेड विल्यम्स, १९४१ मध्ये, ४०६. म्हणजे या खेळातला सर्वांत गाजलेला मोसमसुद्धा दहांत सहा वेळा परत फिरण्याचा आहे. त्यात एका मोसमात १६२ सामने, जवळपास रोज एक. रोज हरणाऱ्या, रोज बाकावर बसणाऱ्या आणि दोन चेंडूंच्या मधे थुंकण्यावाचून दुसरं काम नसलेल्या माणसांनी हरण्याचे बारीक बारीक प्रकार पाडले आणि प्रत्येकाला नाव ठेवलं. 'नाव ठेवणं' हा आपला वाक्प्रचार इथे दोन्ही अर्थांनी चालतो.

उदाहरणं पाहू. आउटफिल्डमधल्या, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातल्या खेळाडूच्या हातात अलगद येणारा उंच झेल म्हणजे 'कॅन ऑफ कॉर्न'. जुन्या किराणा दुकानांत वरच्या फळीवरचा मक्याचा डबा दुकानदार काठीने ढकलायचा आणि खाली ॲप्रनमध्ये झेलायचा, त्यावरून हे आलं असं सांगतात. चेंडू धड लागलेला नाही, पण इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जाऊन आउटफिल्डच्या अलीकडे टपकला, तर तो 'टेक्सस लीगर'. टेक्सस लीग ही १८८८ पासूनची दुय्यम दर्जाची स्पर्धा, आणि तिथल्या लोकांना असेच फटके जमतात असा टोमणा त्यात आहे. त्याच फटक्याला शिकागोचा समालोचक हॉक हॅरलसन 'डक स्नॉर्ट' म्हणे. मूळ शब्द याहून गावरान होता, बदकाच्या मागल्या बाजूशी संबंधित. टीव्हीसाठी तो सभ्य करून घेतला. जमिनीवरून सरपटत दोन क्षेत्ररक्षकांच्या बरोबर मधून निसटणारा चेंडू 'सीइंग-आय', त्याला डोळे असल्यासारखा. 'बाल्टिमोर चॉप' हा तर लबाडीचा मामला. १८९० च्या दशकातल्या बाल्टिमोर ओरियोल्सनी होम प्लेटसमोरची माती ठोकून ठोकून टणक करवून घेतली होती. फलंदाज चेंडू मुद्दाम खाली हाणायचा, तो उंच उसळायचा, आणि तो खाली येईपर्यंत विली कीलरसारखा चपळ गडी पहिल्या बेसवर पोचलेला असायचा.

एका सामन्यात चार वेळा स्ट्राइकआउट झालेल्या फलंदाजाला 'गोल्डन सोम्ब्रेरो' मिळतो. या शब्दाचा माग थेट क्रिकेटपर्यंत जातो. १८५८ मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन गडी टिपले, तेव्हा वर्गणी काढून त्याला हॅट दिली आणि 'हॅट-ट्रिक' जन्मली असं सांगतात. ती अमेरिकेतल्या इतर खेळांत शिरली. बेसबॉलवाल्यांनी ती तीन स्ट्राइकआउटना चिकटवली, आणि चार झाले तर साध्या हॅटने भागेना म्हणून मेक्सिकन पद्धतीची भली रुंद सोनेरी टोपी आणली. बक्षिसाचा शब्द फजितीच्या गळ्यात बांधण्याची ही खोड या बोलीत जागोजागी दिसेल.

या संग्रहातली सर्वांत लांब नोंद 'मेंडोझा लाइन'ची आहे, आणि ती छोटी करायला मी तयार नाही. मारिओ मेंडोझा हा मेक्सिकोतल्या चिवावा इथला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. १९७४ ते १९८२ या काळात तो पिट्सबर्ग, सिॲटल आणि टेक्सस या संघांकडून खेळला. क्षेत्ररक्षण अव्वल, फलंदाजी बेताची. १९७९ मध्ये सिॲटलकडून खेळताना त्याची सरासरी १९८ वर थांबली. रविवारच्या वृत्तपत्रात तेव्हा साऱ्या फलंदाजांच्या सरासऱ्या उतरत्या क्रमाने छापून येत. संघातल्या मित्रांनी थट्टा सुरू केली: कोण मेंडोझाच्या वर, कोण खाली. ती थट्टा कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटच्या कानावर गेली. ब्रेट म्हणजे त्या काळचा फलंदाजांचा राजा, १९८० मध्ये ३९० ची सरासरी काढलेला. त्याने ती पत्रकारांना ऐकवली, ईएसपीएनच्या क्रिस बर्मनने ती देशभर पसरवली, आणि दोनशेची सरासरी ही 'मेंडोझा लाइन' होऊन बसली. आज शेअर बाजारावर किंवा निवडणुकीच्या कौलांवर लिहिणारेही हा शब्द वापरतात.

यात अन्याय असा की मेंडोझाची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी २१५ आहे. म्हणजे तो स्वतः मेंडोझा लाइनच्या वर आहे! शिवाय निव्वळ क्षेत्ररक्षणाच्या जोरावर नऊ मोसम वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये टिकलेला माणूस सामान्य कसा म्हणायचा? मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमने त्याला सन्मानाने आत घेतलं. पण बोलीला न्यायाशी देणंघेणं नसतं. तिला एक बरं वाजणारं आडनाव हवं होतं आणि 'मेंडोझा' जिभेवर छान बसतं. असाच दुसरा माणूस टॉमी जॉन. डॉजर्सच्या या पिचरच्या कोपरातला स्नायुबंध तुटला, तेव्हा सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली शीर, म्हणजे टेंडन, काढून तिथे बसवली. असं आधी कुणी केलेलं नव्हतं. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने १६४ सामने जिंकले. आज पिचरला 'टॉमी जॉन झालं' म्हणतात, जसा तो एखादा आजार असावा. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव मागे पडलं आणि ती सोसणाऱ्याचं राहिलं, हेही या बोलीच्या स्वभावाला धरूनच.

'वॉक-ऑफ' हा शब्द मात्र पार उलटला. शेवटच्या डावात यजमान संघाने विजयी धाव काढली, की सामना तिथेच संपतो. त्या फटक्याला आज 'वॉक-ऑफ' म्हणतात आणि होम प्लेटवर खेळाडूंचा जल्लोष दाखवतात. हा शब्द काढला डेनिस एकर्सलीने, आणि तो पिचर होता. ज्याच्या चेंडूवर असा फटका बसतो, त्याला खाली मान घालून मैदानातून चालत जावं लागतं. ते चालणं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. ओकलंडकडून खेळणाऱ्या या लांब केसांच्या गड्याची स्वतःची अशी एक भाषाच होती. वेगवान चेंडूला तो 'चीझ' म्हणे. १९८८ च्या मोसमात, १५ ऑक्टोबरला, वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना लॉस एंजेलिसला होता. नववा डाव, दोन बाद, ओकलंड ४-३ ने पुढे, चेंडू एकर्सलीच्या हातात. त्याने माइक डेव्हिसला चार बॉल टाकून पहिला बेस दिला. मग यजमान डॉजर्सनी कर्क गिब्सनला पाठवलं. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले, तो लंगडतच आला. दोन स्ट्राइक गेले. तो कसाबसा चेंडू बाहेर काढत राहिला, मग तीन बॉल झाले. तीन बॉल, दोन स्ट्राइक: याला 'फुल काउंट' म्हणतात, आणि त्यावरच्या चेंडूला 'पेऑफ पिच', सगळा हिशेब चुकता करणारा. डॉजर्सच्या मेल डिडिए या टेहळ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की डावखुऱ्या फलंदाजाला फुल काउंटवर एकर्सली 'बॅकडोअर स्लायडर' टाकतो, बाहेरून आत वळणारा. तोच आला. गिब्सनने निव्वळ मनगटांच्या जोरावर तो उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. एकर्सलीला आपल्याच शब्दातून चालत जावं लागलं. जपानीत अशा फटक्याला 'सायोनारा होमरन' म्हणतात. तिकडेही निरोप पिचरलाच.

पिचरच्या भात्यातल्या नावांवर वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे धावतं बोलतो. वेगाला 'हीट', 'गॅस' आणि वर सांगितलेलं 'चीझ'. वळणाऱ्या चेंडूला 'अंकल चार्ली' किंवा 'यॅकर'. थुंकी लावलेला 'स्पिटर', ज्यावर १९२० मध्ये बंदी आली, पण आधीपासून टाकणाऱ्या सतरा जणांना निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. हनुवटीजवळून जाणारा चेंडू 'चिन म्युझिक', हा आपल्याला वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांमुळे ठाऊक आहे. 'इफस' म्हणजे पंचवीस फूट उंच उडवलेला, गंमत वाटावी इतका मंद चेंडू. १९४० च्या दशकात पिट्सबर्गचा रिप स्यूएल तो टाकत असे आणि नाव ठेवणारा त्याच्याच संघातला मॉरिस व्हॅन रोबेज होता. 'स्वीपर' ताजा आहे. पूर्वी सगळ्याच तिरक्या चेंडूंना 'स्लायडर' म्हणत. २०२३ च्या मोसमापासून जास्त आडवा जाणाऱ्याला अधिकृत आकडेवारीत वेगळा रकाना मिळाला. त्याच वर्षी २१ मार्चला मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्यात जपानच्या शोहेई ओहतानीने अमेरिकेच्या माइक ट्राउटला, म्हणजे आपल्याच एंजल्स संघातल्या सहकाऱ्याला, फुल काउंटवर स्वीपर टाकून बाद केलं आणि सामना ३-२ असा संपला. एका चेंडूत त्या शब्दाचा जगभर प्रसार झाला.

बोलीत न बोलणंही येतं. पिचरने एकही हिट दिलेली नाही असा सामना 'नो-हिटर'कडे चालला असेल, तर डगआउटमध्ये तो शब्द उच्चारायचा नाही आणि पिचरच्या शेजारीही बसायचं नाही. १९५६ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये यांकीजचा डॉन लार्सन ब्रुकलिनविरुद्ध एकही गडी बेसवर पोचू न देण्याच्या वाटेवर होता, तेव्हा त्याने स्वतःच मिकी मँटलशी तो विषय काढला आणि मँटल न बोलता उठून गेला असं सांगतात. दृष्ट लागेल म्हणून बाळाला 'गुटगुटीत' न म्हणणाऱ्या आपल्या घरांत हे वेगळं समजवायला नको. फलंदाजामागे बसलेला कॅचर कुठला चेंडू टाकायचा हे पिचरला बोटांच्या खुणांनी सांगतो, तीही भाषाच. ती चोरणं हा जुना धंदा, पण ह्यूस्टन ॲस्ट्रोजने २०१७ मध्ये त्यासाठी कॅमेरा लावला आणि वळणारा चेंडू येणार असेल तर डगआउटजवळचा कचऱ्याचा डबा बडवायला सुरुवात केली. डबा वाजला नाही, तर वेगवान चेंडू. जानेवारी २०२० मध्ये चौकशीचा निकाल लागला, संघाला ५० लाख डॉलर दंड झाला. २०२२ पासून खुणांची जागा टोपीत बोलणाऱ्या यंत्राने घ्यायला सुरुवात केली.

हे सगळं मैदानाबाहेर पोचवलं ते वार्ताहरांनी आणि रेडिओने. रिंग लार्डनर या शिकागोच्या क्रीडा-पत्रकाराने एका अर्धशिक्षित पिचरची पत्रं म्हणून कथा लिहिल्या, चुकीच्या शुद्धलेखनासकट, आणि खेळाडूंची बोली अमेरिकी साहित्यात आली. रेडिओचं प्रकरण आणखी रंजक. बाहेरगावच्या सामन्यांना माणूस पाठवणं परवडत नसे, म्हणून १९३० च्या दशकात समालोचक स्टुडिओत बसून तारेने आलेल्या त्रोटक संदेशांवरून सामना 'पाहत' असत. आयोवातल्या डी मॉइनच्या केंद्रावर रोनाल्ड रेगन हे काम करत. एकदा तार बंद पडली. दोन स्ट्राइकनंतर फलंदाजाने कितीही चेंडू 'फाउल' मारले तरी तो बाद होत नाही, या नियमाचा आधार घेऊन आपण सहा-सात मिनिटं फलंदाजाकडून फाउलच मारून घेतले, असं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रेगन मिटक्या मारत सांगत. रिकामी हवा अशी भरायची तर पोतडीत शब्द हवेत. बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन रेडिओवर ऐकलेल्या पिढीला हे पटेल.

शब्दांच्या जन्मकथांबद्दल मात्र वाचकाने सावध राहावं. बेसबॉलवाले इतिहासात आणि दंतकथेत फारसा फरक करत नाहीत. डावखुऱ्या पिचरला 'साउथपॉ' म्हणतात. कथा अशी: दुपारचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून मैदानं पूर्वाभिमुख आखत, पिचरचं तोंड पश्चिमेला, म्हणून त्याचा डावा हात दक्षिणेकडे. सुरेख कथा. पण १८४८ च्या एका राजकीय व्यंगचित्रात डाव्या हाताच्या ठोशाला हाच शब्द आलेला आहे, आणि तेव्हा असल्या आखीव मैदानांचा पत्ता नव्हता. राखीव पिचर जिथे हात मोकळे करतात ते 'बुलपेन' कुणी बुल डरहॅम तंबाखूच्या कुंपणावरच्या जाहिरातींवरून आलं म्हणतो, कुणी कैदी कोंडायच्या जागेवरून. मला दुसरं जास्त पटतं. उलट 'जॅझ' या शब्दाचा एक अगदी जुना छापील दाखला संगीताचा नसून बेसबॉलचा आहे, हे ऐकून थाप वाटते, पण ते खरं आहे. १९१२ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्समध्ये पोर्टलंडच्या बेन हेंडरसनच्या वळणाऱ्या चेंडूला ते नाव दिलेलं सापडतं. नोंदींत जिथे मी 'सांगतात' असं लिहिलंय तिथे कथा गोड मानून घ्यावी, पैज लावू नये.

ही बोली फक्त गोऱ्या अमेरिकेची नाही. कृष्णवर्णीयांना मुख्य स्पर्धांची दारं बंद होती त्या काळात त्यांच्या नीग्रो लीग्समध्ये सॅचेल पेजसारखा पिचर आपल्या प्रत्येक चेंडूचं बारसं करत असे: 'बी बॉल', 'मिडनाइट रायडर', 'बॅट डॉजर'. त्याचा 'हेझिटेशन पिच', म्हणजे हात मधेच थबकवून टाकलेला चेंडू, १९४८ मध्ये तो बेचाळिसाव्या वर्षी क्लीव्हलंडला आला तेव्हा फलंदाजांना इतका जड गेला की त्यावर बंदी घातली. जपानात हायकूकार मासाओका शिकी स्वतः बेसबॉल खेळायचा. १८९६ मध्ये त्याने वृत्तपत्रात लिहून फलंदाज, धावणारा गडी यांसाठी जपानी शब्द रूढ केले. २००२ मध्ये त्याला जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. युद्धकाळात, १९४३ मध्ये, तिथे 'स्ट्राइक' हा शत्रूचा शब्द म्हणून हद्दपार झाला आणि पंच 'योशी' ओरडू लागले. युद्ध संपलं आणि 'सुतोराइकु' परत आला.

काही शब्द या संग्रहात आहेत, पण त्यांची गंमत मी सांगितलेली नाही. ऐकू न येणाऱ्या विल्यम हॉयला अख्खी कारकीर्द 'डमी' म्हणत. मूळनिवासी वंशाच्या जवळजवळ प्रत्येक खेळाडूला 'चीफ' म्हणत. ओजिब्वे जमातीच्या चार्ल्स बेंडरला ते आवडत नसे, तरी आजही लोक त्याला 'चीफ बेंडर' म्हणूनच ओळखतात. समोरच्या संघाला बाकावरून डिवचण्याला 'बेंच जॉकीइंग' असं खेळकर नाव आहे. पण १९४७ च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या जॅकी रॉबिन्सनवर फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याच्या खेळाडूंनी जे ओरडलं, ते या नावाखाली झाकण्यासारखं नव्हतं. त्यातले शब्द मी छापलेले नाहीत.

संग्रहाच्या पद्धतीबद्दल दोन शब्द. मूळ शब्द देवनागरीत, मग मराठीत अर्थ, मग सापडली तर गोष्ट. प्रतिशब्द घडवण्याचा मोह टाळला आहे. क्रिकेटमधले 'यष्टिचीत' आणि 'पायचीत' वृत्तपत्रांनी दशकानुदशकं रोज छापले म्हणून तोंडात बसले. मी घरी बसून 'मंदोच्चक्षेप' केला तर तो 'इफस'ची जागा घेणार नाही. फलंदाज, पंच, झेल, धाव हे मात्र आपले तयार शब्द बिनदिक्कत वापरले आहेत.

सलग वाचणाऱ्याने 'कप ऑफ कॉफी'पासून सुरुवात केली तर बरं. मुख्य लीगमध्ये एक कप कॉफी पिण्यापुरता डोकावून गेलेल्या खेळाडूसाठी हा शब्द आहे. त्या नोंदीत आर्चिबाल्ड 'मूनलाइट' ग्रॅहम भेटेल, जो २९ जून १९०५ ला न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळला, बॅट हातात घेण्याची पाळी येण्याआधी डाव संपला, आणि ज्याने नंतर मिनेसोटातल्या चिझम गावात आयुष्यभर डॉक्टरकी केली. १९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या चित्रपटाने तो जगाला माहीत झाला. हिशेबी स्वभावाच्या वाचकाने शेवटच्या, नव्या शब्दांच्या प्रकरणाकडे आधी जावं. तिथे 'मॅन्फ्रेड मॅन' आहे: २०२० पासून जादा डावांत दुसऱ्या बेसवर आयता उभा केला जाणारा गडी. कमिशनर रॉब मॅन्फ्रेड यांच्या नावावर आणि त्याच नावाच्या एका जुन्या ब्रिटिश बँडवर हा एकाच वेळी मारलेला टोमणा आहे. शेवटची नोंद 'टॉर्पेडो'ची, म्हणजे टोकाऐवजी थोडा अलीकडे फुगीर असलेल्या बॅटची. २९ मार्च २०२५ ला यांकीजनी मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात नऊ होमरन मारले, त्यातले काही या बॅटने, आणि आठवडाभरात तो शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. तो टिकेल का, यावर माझी आणि संपादकांची दोन मतं आहेत. मी नोंद ठेवली आहे. पुढच्या आवृत्तीत ती गळली, तर संपादक जिंकले असं समजावं.